वशिंडवाला टँक

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा. तान्हा पोळा नुकताच होऊन गेला होता. आमच्या नागपुराकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडी बैल सजवून मिरवायला नेतात, ते बैल मी करतो. माझा बाप करायचा, त्याचा बाप करायचा. माझी शाळा चौथीत सुटली. मास्तरने मारलं म्हणून सुटली नाही, पोळा तोंडावर आला होता आणि घरात हात कमी पडत होते म्हणून सुटली. पोळा झाल्यावर मी परत गेलो नाही, एवढंच. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ज्यांना वाटायचं त्यांना वाटो.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी लाकूड कोरायची पटाशी सटकली आणि डाव्या तळहातात घुसली. टाके पडले. मी जुन्या वस्तीतल्या घरात एकटा राहतो, त्यामुळे फडकं गुंडाळून आधी हातातला बैल पुरा केला आणि मग दवाखान्यात गेलो. हे मी सांगायला नको होतं. मुलीला कळलं आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. ती शहराच्या टोकाला, बेस्याला, फ्लॅटमध्ये राहते, जवाई एका कंपनीत इंजिनिअर आहेत. तिचं एकच म्हणणं, "बाबा, आता बस झालं. हत्यारं ठेवून द्या अन् इथं येऊन राहा." दर भेटीत तेच. जेवायला वाढताना तेच, चहा देताना तेच. तिची आई गेल्यापासून ती माझी आई झाली आहे आणि मला दोन आया नको होत्या.

तर त्या रविवारी मी बेस्याला गेलो होतो. हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर पिवळी चादर अंथरलेली, तिच्यावर थर्माकोलचे डोंगर, स्पंजाची झाडं आणि मधे मधे बोटाएवढे रणगाडे. भोवती जवाई आणि त्यांचे तीन मित्र. सगळे चाळिशीतले, एकाला तर टक्कल. कोणी टेप लावून अंतर मोजून राहिलं, कोणी फासे खुळखुळवून राहिलं. मला वाटलं, कोणाच्या पोराचा वाढदिवस आहे.

"हे काय होय जवाईबापू?"

"वॉरगेम आहे मामाजी. लढाईचा खेळ."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. सारीपाटासारखाच खेळ, पण सोंगट्यांच्या जागी टँक आणि मिसाईलवाले. कोणत्या टँकची पुढची लोखंडी चादर किती जाड, बाजूची किती पातळ, कोणतं मिसाईल किती दूर जातं, सगळ्याचे नियम. निशाणा लागतो का नाही ते फाशावर, कारण लढाईत नशीबही असतं. नियमांचं काम त्यांच्यातल्या एका कॉलेजच्या मास्तरकडे होतं. बारीक माणूस, डोळ्यावर चष्मा, बोलताना बोट वर करायची सवय. फौजेत तो कधी नव्हता, पण जगातल्या प्रत्येक टँकची कुंडली त्याला पाठ.

मी एक टँक उचलून पाहिला. प्लास्टिकचा. मशीनमधून छापून काढतात म्हणे. मी काही त्याचं कौतुक करू शकलो नाही.

"हे तं साबणाची वडी उंदरानं कुरतडल्यावानी दिसून राहिली," मी म्हटलं. "एवढे शिकले सवरलेले लोक अन् हे घेऊन खेळता? लाकडाचे करून देतो म्या."

मास्तरने बोट वर केलं. "काका, तुमचं काम चांगलंच असेल. पण आमच्या खेळात सगळं रियलिस्टिक लागतं."

"रियलिस्टिक म्हंजे?"

"म्हणजे खऱ्यासारखं."

आता हे कोणाला सांगावं? मला! मी म्हटलं, "मास्तर, माह्या बैलाले खरे बैल येऊन हुंगतात."

सगळे हसले. मी हसलो नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला. "बाबा, टाके निघाले नाही अजून हाताचे. काही बनवून-बिनवून द्यायचं नाही कोणाले."

खरं तर तिथं गप्प बसायला पाहिजे होतं. पण चार माणसांपुढे मला कोणी 'द्यायचं नाही' म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं, असा मी नाही. मी टेबलावर हात आपटला, टाक्यांचाच हात आपटला, कळ डोक्यात गेली.

"सांगून ठेवतो. माही गाडी या टेबलावर टिकली नाही तं पटाशी ठेवून देईन. कायमची."

मुलगी झारा हातात घेऊनच बाहेर आली. "सगळ्यायनं ऐकलं न? अहो, तुम्ही साक्षीदार आहात बरं का."

जवाईबापू बिचारे बायको आणि सासरा यांच्या मधे सापडलेले. त्यांनी कोणाकडेच न पाहता मान हलवली.

लाकूड माझ्याकडे होतं. शिवणीचं, चांगलं वाळलेलं. जवाईंनी मोबाईलवर टँकचे फोटो पाठवले, समोरून, बाजूने, वरून. मी एकदा पाहिले आणि मोबाईल ठेवून दिला. फोटो समोर ठेवून काम करणं मला कमीपणाचं वाटतं. लांबी-रुंदी त्यांनी सांगितली ती घेतली, बाकी हाताला ठाऊक आहे असं मी धरून चाललो.

हाताला काय ठाऊक होतं ते सांगतो. बाप मला शिकवताना एकच गोष्ट परत परत सांगायचा. बैल दुरून दिसला पाहिजे. तान्ह्या पोळ्याच्या गर्दीत शंभर बैल असतात, रांगेच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाने बोट दाखवून म्हटलं पाहिजे, तो पाहा. म्हणून आमचे बैल मान वर काढून उभे असतात, छाती पुढे असते आणि वशिंड खऱ्या बैलापेक्षा दीडपट उंच असतं. पाहणाऱ्याला ते जास्त वाटत नाही. त्याला वाटतं, काय ऐटबाज जनावर आहे! साठ वर्षं माझा हात तेच करत आला. पटाशी वरच्या बाजूला आली की जरा जास्त लाकूड शिल्लक ठेवायचं, हे मी ठरवत नाही, होऊन जातं.

तसे मी चार टँक केले. तळहात ठणकत होता, तरी केले. पट्ट्यांच्या आतली चाकं सुद्धा कोरली. रंग दिला, घासला, परत दिला. आणि मधला तो तोफेचा घुमट, त्याला टरेट म्हणतात, तो असा उभा राहिला की मीच चार पावलं मागे जाऊन पाहत बसलो. दुरून दिसत होता.

पुढच्या रविवारी टेबलावर मांडले तेव्हा चौघांनी तोंडात बोटं घातली. टकल्याने फोटो काढले. मास्तर हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहत होता आणि एकदा तोंडातल्या तोंडात म्हणाला, "उंची जरा..." पण त्याने पुढे म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी मुलीकडे पाहिलं. ती पोहे वाढत होती, तिने माझ्याकडे पाहायचं टाळलं. मला वाटलं, जिंकलो.

खेळ सुरू झाला. मास्तरकडे मिसाईलवाले होते, टेबलाच्या त्या टोकाला डोंगरामागे बसलेले. नियम असा की मिसाईलवाल्याच्या जागी डोळा नेऊन वाकून पाहायचं, शत्रूचा टँक दिसला तरच मारता येतं. वाद नको म्हणून त्यांच्याकडे लाल उजेडाचा एक पेन असतो. तो मिसाईलच्या जागी धरायचा, लाल टिकली टँकवर पडली तर दिसला, डोंगरावर पडली तर नाही.

जवाईंचा प्लास्टिकचा टँक डोंगरामागे होता. टिकली डोंगरावर पडली. त्याच्याच बाजूला, त्याच डोंगरामागे, माझा टँक. मास्तरने पेन जरासा हलवला आणि लाल टिकली माझ्या टँकच्या टरेटवर, अगदी वशिंडावर, कुंकवासारखी बसली.

"दिसला," मास्तर म्हणाला.

फासा पडला. टँक गेला. मेलेले टँक ते एका स्टीलच्या ताटलीत टाकतात, चिवड्याच्या ताटलीशेजारी. माझा टँक तिथं आडवा पडला. मग दुसरा. चहा येईपर्यंत चारही ताटलीत. प्लास्टिकच्या साबणवड्या डोंगरामागून आरामात फिरत होत्या.

"तुमचा डोंगर बुटका आहे," मी म्हटलं.

"डोंगर सगळ्यांना तोच आहे काका," मास्तर म्हणाला. "तुमचा टँक उंच आहे. खऱ्या लढाईत पण उंच टँक आधी मरतो. म्हणून तर आजकालचे इतके बसके बनवतात."

"बसका बैल कोणी घेईन काय?"

"हा बैल नाही न काका."

मुलीने माझ्यापुढे हात पसरला. "पटाशी."

मी उठून उभा राहिलो. "पहिली कुस्ती आखाड्याची माती अंगाले लागावी म्हणून असते. एका खेळानं काय होते? म्या 'टिकली नाही तं' म्हटलं, 'पहिल्याच दिवशी टिकली नाही तं' असं म्हटलं काय?"

"बाबा, हा रडीचा डाव आहे."

"असू दे."

रडीचा तर रडीचा. मी तिथून पोहे न खाता निघालो, आणि पोहे मला आवडतात.

दोन दिवसांनी जवाईबापू स्कूटर घेऊन माझ्या दारात उभे. म्हणाले, "चला मामाजी, खरा टँक पाहून येऊ." शहरात एका ठिकाणी चौथऱ्यावर जुना टँक ठेवलेला आहे, लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. मी त्याच्यापुढून हजारदा गेलो असेन. बैलवाल्याने टँककडे कशाला पाहावं?

त्या दिवशी पाहिला. खरं सांगतो, मला राग आला. एवढं मोठं लोखंड आणि मान नाही! जमिनीला धरून बसलेलं, वरचा घुमट उलट्या घमेल्यासारखा, सगळ्या बाजूंनी उतरता. वर कबुतरं बसलेली. असं जनावर पोळ्यात आणलं तर पोट्टे हसतील. मी चौथऱ्याभोवती एक चक्कर मारली, मग समोर येऊन फुटपाथवर बसलो. जवाई म्हणाले, मामाजी, गुडघे. मी म्हटलं, राहू द्या.

खाली बसल्यावर तो समोरून दिसला. आणि मला माझ्या मामाचा बैल आठवला. मामाचं गाव सावनेरकडचं. त्यांच्याकडे एक मारका बैल होता, सगळा गाव त्याला वचकून. तो चालताना मोठा दिसायचा, पण मारायला आला की मान खाली घालायचा, खांदे पसरायचा आणि वशिंड कुठल्या कुठे नाहीसं व्हायचं. समोरून फक्त कपाळ दिसायचं. दगड मारला तर कपाळावरून सरकून जायचा. एकदा मी गोठ्याच्या गव्हाणीत लपून त्याला असा पाहिला होता, नेमका याच उंचीवरून.

"काय झालं मामाजी?" जवाईंनी विचारलं.

"काही नाही. तुमचे फोटो बरोबर होते म्हणा लागते."

"म्हणजे तुमचं चुकलं?"

"माहं काहून चुकीन? बैल चुकला. मिरवणारा बैल केला, मारका कराले पाहिजे होता."

जवाईबापूंनी हसू दाबलं. सासऱ्यापुढे हसायचं नाही एवढं त्यांना कळतं, म्हणून ते मला आवडतात.

या वेळी एकच टँक केला. जास्त करायला हात तयार नव्हता, हे मुलीला सांगितलं नाही. आणि त्या एकाने मला जेवढा त्रास दिला तेवढा अख्ख्या हंगामाने दिला नसेल. पटाशी टरेटवर आली की हात आपोआप थांबायचा. राहू दे, एवढं राहू दे. मी हाताला शिवी द्यायचो आणि अजून एक ढलपी काढायचो. शेवटी तो खाली बसला. मान घातलेला, खांदे पसरलेला, दुष्ट. रंगही चकचकीत दिला नाही, मातकट दिला. बापाने पाहिला असता तर विचारलं असतं, हे काय बेडूक केलंस.

पुढच्या रविवारी मी मास्तरला नमस्कारही केला नाही, सरळ टँक मांडला आणि म्हटलं, "तुमची टिकली काढा."

त्याने डावीकडून पेन धरला, उजवीकडून धरला, पार टेबलाला गाल टेकवून पाहिलं. लाल टिकली डोंगरावरच. माझा टँक डोंगराच्या आडून एक चाल पुढे गेला, झाडांच्या मागे गेला, परत पुढे. मी स्वतः हलवत होतो. मधे तिरप्या पडलेल्या फाशावर जवाईंचा एक टँक मात्र ताटलीत गेला. त्याच्या एका मिसाईलवाल्याला मी मारला सुद्धा.

"दिसते काय मास्तर? दिसते काय?" मी दर चालीला विचारायचो.

"नाही दिसत, काका."

"चष्मा पुसून पाहा."

टकल्या पोट धरून हसत होता. मुलगी पण दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला म्हटलं, "वं, चहा टाक. अन् माही पटाशी विसर."

मग मास्तरने आपल्या डब्यातून एक नवीन चकती काढली. म्हणाला, हे दुसरं मिसाईल. हे सरळ येत नाही, आधी वर चढतं आणि मग टँकच्या डोक्यावर पडतं. डोक्यावरची चादर सगळ्यात पातळ असते.

"हे कुठून आणलं मधातच?"

"सुरुवातीच्या यादीतच आहे माझ्या. आजकाल खऱ्या लढाईत हेच चालतं काका."

"वा रे वा! उभा राहिलो तं म्हणता उंच आहे. खाली बसलो तं वरून मारता. मंग जनावरानं कराव काय?"

"हाच तर प्रश्न आहे सगळ्यांचा," मास्तर म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने बोट वर केलं नाही.

जवाईंनी मला मोबाईलवर कुठल्या तरी देशातल्या लढाईचा व्हिडिओ दाखवला. चिखलातून टँक चाललेला आणि त्याच्या डोक्यावर लोखंडी खांब उभे करून वर जाळी बांधलेली. मी दोनदा पाहिला.

"हे तं मांडव घातला बाप्पा टँकाले! लगन हाये काय?"

"वरून येणारं अडवायला," जवाई म्हणाले.

"अडते काय?"

मास्तर म्हणाला, "छोट्या ड्रोनला कधीकधी. या मिसाईलला नाही. म्हणून आमच्या नियमात त्याला काही गुण नाहीत. असला काय, नसला काय, फासा तोच."

"अडत नाही तं घालतात काहून?"

मास्तर फासा बोटांत फिरवत राहिला. मग टकल्या म्हणाला, "मनाला बरं वाटत असेल आत बसणाऱ्यांच्या."

"आत किती जण असतात?"

"तीन. कशात चार," मास्तर म्हणाला.

खरं सांगतो, तोपर्यंत माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. बैलाच्या आत कोणी बसत नाही. मी दोन वेळा टँक कोरला तो भरीव, आत माणसाला जागा आहे हे मनातही आलं नाही.

"अन् गाडी जळाली तं त्यायचं काय होते?"

"वाचले तर झाकण उघडून बाहेर उड्या मारतात. मागे पळतात. मग त्यांना दुसरी गाडी देतात."

"हे तुमच्या खेळात कुठं आहे?"

"एवढं नाही धरता येत काका. टँक गेला की गेला. ताटलीत."

"मंग कायचं बाप्पा तुमचं रियलिस्टिक," मी म्हटलं, आणि उठून बाथरूमच्या बाजूला ठेवलेल्या खराट्याच्या चार काड्या तोडल्या. मुलगी ओरडली, "बाबा, कालच आणला तो!" मी काड्या तोडून टँकच्या चार कोपऱ्यांना दोऱ्याने बांधल्या आणि वर चिवड्याच्या पुडीचा कागद ताणून बसवला. मांडव झाला. मास्तर म्हणाला, याचे गुण नाहीत हां काका. मी म्हटलं, मागितले कोणं? तुमचे गुण तुमच्यापाशी ठेवा. माझ्या गाडीतले लोक उघड्या डोक्यानं बसणार नाहीत.

मिसाईल सुटलं. तीनच्या वर पडला तर गाडी गेली, असा नियम. मास्तरने फासा टाकला. तो चादरीवरून घरंगळत गेला आणि मेलेल्यांच्या ताटलीच्या कडेला टेकून तिरपा उभा राहिला. वरच्या अंगाला पाच.

सगळे वाकून पाहू लागले. मग जवाई म्हणाले, "तिरपा आहे. परत टाका." टकल्या म्हणाला, "हो हो, तिरपा चालत नाही." आणि मास्तर, ज्याने आतापर्यंत एक सूतही सोडलं नव्हतं, त्याने पण फासा उचलायला हात पुढे केला.

"थांबा," मी म्हटलं. "मघाशी जवाईबापूंचा टँक गेला, तवा फासा असाच चादरीच्या सळावर तिरपा पडला होता. तवा परत टाकला होता काय?"

मास्तरने चष्मा काढून पुसला.

"टाकला होता काय, मास्तर?"

"नाही," मास्तर म्हणाला.

"मंग पाच आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं माहं, मले चांगलं दिसते."

मी माझ्या हाताने टँक उचलला, मांडवासकट, आणि ताटलीत ठेवला. आडवा टाकला नाही, उभा ठेवला. कोणाच्या दयेवर टिकलेली गाडी मला नको होती. त्यापेक्षा जळालेली बरी.

मला वाटलं होतं मुलगी आता टाळी वाजवेल. तिने चहाचे कप गोळा केले आणि आत नेले. संध्याकाळी जवाई आणि ती मला गाडीने घरी सोडायला आले. मीच हत्यारांची पेटी ओढून काढली. पटाश्या, तासायचा वाकस, कानशी, ठोकायची मोगरी, सगळं तिच्यापुढे ठेवलं. तिने एका जुन्या चादरीत बांधलं. गाठ मारताना म्हणाली, "बाबा, मी तुमच्या वाईटासाठी करून राहिले काय?" मी म्हटलं, "म्या विचारलं काय तुले?" ती गाठोडं घेऊन गेली.

घरात मी बसून राहिलो. हात मांडीवर. कधी नव्हे ते बोटांना काय करावं ते कळेना. टीव्ही लावला, बंद केला. कोपऱ्यात शिवणीचा एक ठोकळा उरला होता, माझ्याकडे पाहत. मी त्याच्याकडे पाठ केली आणि परत वळलो. डोक्यात ती ताटली फिरत होती. टँक गेला की गेला, म्हणे. अरे, पण टेबलावरचा टँक खोटा, मिसाईल खोटं, थर्माकोलचा डोंगर खोटा, आणि त्या सगळ्या खोट्याच्या पायी खरी पटाशी चादरीत बांधून गेली? हा कोणता न्याय? शब्द दिला होता हे खरं. पण शब्द देणारं तोंड होतं, हात नव्हता. हाताला कोणी विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठोकळा पिशवीत टाकला आणि सिटी बसने बेस्याला गेलो. घंटी वाजवली. मुलीने दार उघडलं, केस बांधलेले नव्हते, घाबरली.

"बाबा? काय झालं?"

"माही गाडी जळाली. आतला माणूस वाचला. त्याले दुसरी गाडी पाहिजे."

"काय बोलून राहिले तुम्ही?"

"हत्यारं काढ."

"बाबा, शब्द दिला होता तुम्ही. चार लोकांसमोर."

"दिला होता. मोडून राहिलो. चार लोकांले बोलाव, त्यायच्या समोर मोडतो."

आतून दाढीचा साबण लावलेले जवाईबापू डोकावले आणि परत आत गेले. मुलगी दारात आडवी उभी. डोळ्यात पाणी, पण हटत नव्हती. माझीच मुलगी आहे.

"अन् परत हात कापला मंग? एकटे असता तिथं. फडकं गुंडाळून बैल पुरा करता. एखाद्या दिवशी कोणाले पत्ता बी लागणार नाही."

"म्हणून तं इथं आलो," मी म्हटलं. "तुह्या गॅलरीत बसतो. रोज सकाळी येतो, संध्याकाळी घरी जातो. तू पाहत राहा. कापला तं तूच फडकं बांध. पण हात बांधून घरात बसाव, हे माह्याच्यानं होणार नाही, तू कितीबी रड."

तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले. मग बाजूला झाली. आतून गाठोडं आणलं आणि माझ्यापुढे जरा आपटूनच ठेवलं.

"हातमोजे घालाल?"

"हातमोज्यानं लाकूड कळत नाही."

"डाव्या हातात तरी."

"पाहू."

गॅलरीत मी गोणपाट अंथरलं, ठोकळा पायाच्या अंगठ्यात धरला. जवाईंनी आतून विचारलं, मामाजी, टँक का? मी म्हटलं, टँक दुपारून, मास्तरले सांगून ठेवा, या खेपेला आत पोकळ करणार आहे. पण आधी बैल. पेन्सिल घेतली आणि ठोकळ्यावर पहिली रेघ वशिंडाची मारली, नेहमीपेक्षा बोटभर उंच. मग डाव्या हातात तिचा तो भांडी घासायचा रबरी मोजा चढवला आणि मोगरी उचलली.